पत्र्याखालचा पारा

तापलेल्या पत्र्याचा आणि मशीनच्या तेलाचा वास आला की सुरतच्या लिंबायतमधली आमची कापड विणायच्या लूमची शेड आठवते. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात संचारबंदी लागली, लूम थांबले आणि शेडमध्ये जवानांना उतरवलं. वाऱ्याने धागा तुटतो म्हणून शेठने खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या होत्या. दुपारी एक कोवळा जवान चक्कर येऊन पडला. लष्करी डॉक्टरांनी खांबाला थर्मामीटर टांगला आणि पारा बघून ओरडले, "यहाँ आदमी नहीं रह सकता!"

जवानांनी लगेच खिडक्या उचकटल्या. संध्याकाळी ते शाळेत राहायला गेले.

"बिचारा पोऱ्या," लूमवरचा माझा जोडीदार नामदेव हळहळला. मलाही त्याची कीव आली.

संचारबंदी उठली. पाळीवर गेल्यागेल्या आम्ही दोघांनी हातोडी घेतली आणि एकेक खिडकी पुन्हा ठोकून बंद केली.