पुएब्ला गावचा लसूण

मेक्सिकोतल्या पुएब्ला नावाच्या गावात मला लसूण म्हणून ओळखतात.

मी मूळचा तासगावचा. बेदाण्याचा व्यापार करतो. तेव्हा कुणी 'बेदाणा' म्हटलं असतं तर मी मनाला लावून घेतलं नसतं. पण लसूण, आणि तोही जैनाच्या घरातला? (आमच्या घरात दोन माणसं. त्यातलं एक लसूण खात नाही, आणि दुसरं घरात खात नाही. दुसरं म्हणजे मी. सौद्याच्या दिवशी माझे मित्र रशीदभाई डब्यातून ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी आणतात, एवढं सांगून गप्प बसतो.)

जे खात नाही ते माणूस म्हणजे माझी बायको शोभा. अठरा वर्षांपूर्वी एका चातुर्मासात तिने महाराजांसमोर हात जोडून नियम घेतला. कांदा, लसूण, बटाटा आणि जमिनीखाली वाढणारं काहीही आजन्म बंद. दिवस मावळला की अन्नाचा कण नाही आणि पाण्याचा थेंब नाही. अठरा वर्षांत लग्नं झाली, बारशी झाली, तिचं स्वतःचं ऑपरेशन झालं, पण नियम एकदाही मोडला नाही. जिथे शोभा तिथे तिचा डबा.

आमची मुलगी सायली मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागून पुएब्लाला गेली आणि आम्ही यावं म्हणून मागे लागली. शोभा म्हणाली, "मी नाही येत. परक्या मुलखात माझा नियम कोण सांभाळणार?"

"मी हाय की," मी म्हणालो. "तुझ्या नियमाला धक्का लागला तर माझं नाव बदल."

ती बॅग भरायला उठली. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या शब्दावर एवढा विश्वास पहिल्यांदाच टाकला होता, त्यामुळे मला थोडी भीतीच वाटली.

इथे आमच्या बोलण्याविषयी सांगायला हवं. तासगावच्या बाजूला शब्दामधला 'ह' गिळायची पद्धत आहे. 'आम्ही'चं आमी, 'तुम्ही'चं तुमी. माझी आई वडिलांना हाक मारायची ती 'आवं'. शोभा मात्र माधवनगरच्या मास्तरांची मुलगी. लग्न होऊन आली त्याच दिवशी तिने मला 'अहो'तला 'अ' लांबवून 'आहो' अशी हाक मारली, आणि त्यातला 'ह' असा ठणठणीत होता की गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली. तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. पुढे जे झालं ते बघता तिने माझ्या आईचं वळण उचललं असतं तर बरं झालं असतं.

पुएब्लाला पोचल्यावर पहिले चार दिवस सुरळीत गेले, कारण स्वयंपाक शोभा करत होती आणि मी काही करत नव्हतो. पाचव्या दिवशी सायलीला कारखान्यात जायचं होतं. जुनं गाव तेवढं बघायचं राहिलं होतं.

"मी दाखवतो आईला," मी म्हणालो.

"पप्पा, तुम्हाला स्पॅनिश येत नाही."

"बेदाण्याला कुठं येती? तरी परदेशात जातोच की न्हाई?"

तिने हात टेकले. आईचा डबा भरून टेबलावर ठेवला आणि गरज पडलीच तर म्हणून एक चिठ्ठी दिली. गावातल्या एका शाकाहारी खानावळीचा पत्ता आणि त्याखाली 'लसूण नको, कांदा नको' हे स्पॅनिशमध्ये, रोमन अक्षरांत. "उच्चार सांगते," ती म्हणाली. मी म्हटलं, "वाचता येतं मला." चिठ्ठी मी खिशात जपून ठेवली, वर रुमाल ठेवला, खिशाची चेन लावली आणि दोनदा चाचपून बघितली.

जुनं पुएब्ला फार सुंदर आहे. पाचेकशे वर्षांपूर्वी स्पॅनिश लोकांनी आखून वसवलेलं गाव. रस्ते सरळ, मधोमध झाडांचा मोठा चौक, बाजूला दोन उंच मनोऱ्यांचं देऊळ. (तिकडे त्याला चर्च म्हणतात, पण चप्पल कुठे काढायची हे शोभाने दारात विचारलंच.) आणि घरांच्या भिंतींना बाहेरून रंगीत फरश्या, निळ्या, पिवळ्या, नक्षीच्या.

"आपल्याकडं ही फरशी न्हाणीत लावत्यात," मी म्हणालो.

"म्हणून बघा कसं सगळं गाव अंघोळ केल्यासारखं दिसतंय," शोभा म्हणाली. ती खुशीत होती. आदल्या दिवशी चतुर्दशीचा उपवास झाला होता आणि सकाळी नुसतं दूध आणि दोन केळी खाऊन ती निघाली होती, तरी न थकता प्रत्येक फरशीला हात लावत चालत होती. चारच्या सुमाराला आम्ही चौकातल्या बाकावर बसलो.

"काढा डबा," ती म्हणाली.

मी पिशवीत हात घातला. पिशवीत छत्री होती, पाण्याची बाटली होती, दोघांचे स्वेटर होते. डबा सायलीच्या टेबलावर होता. चिठ्ठी सांभाळण्याच्या नादात मी तो तिथेच ठेवून आलो होतो.

शोभाने पश्चिमेकडे बघितलं. तिकडे धूर सोडणारा एक प्रचंड डोंगर आहे आणि सूर्य त्याच्यामागे मावळतो. सूर्य आणि डोंगर यांच्यात दीड-दोन तासांचं अंतर होतं. सायलीचं घर गावाबाहेर, बसने तासाभराच्या वर. त्यात चौकातून कसलीशी मिरवणूक चालली होती आणि बस बंद होत्या.

"नाव बदलायचं म्हणाला होतात," एवढंच ती म्हणाली.

"खानावळ हाय की. चिठ्ठी हाय," मी म्हणालो आणि उठलो.

विचारत विचारत खानावळ सापडायला पाऊण तास गेला. पाच-सहा टेबलं, स्वच्छ, मागे उघडं स्वयंपाकघर. मालकीण साठीच्या, अंगाने भरलेल्या, कमरेला एप्रन. नाव दोन्या लुपे. (दोन्या म्हणजे आपल्याकडच्या काकू.) मी चिठ्ठी काढली आणि शाळेत धडा वाचावा तसं मोठ्याने वाचलं, "सिन अजो. सिन सेबोला."

लुपेकाकूंच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी पुन्हा वाचलं, अधिक मोठ्याने. (समोरच्याला आपली भाषा कळली नाही की आवाज वाढवावा, हे आमच्याकडे सगळेच करतात.) चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती लांब धरून बघितली, चष्मा शोधला, चष्मा काही सापडला नाही.

शोभाने माझी बाही ओढली. "आहो, नीट सांगा ना. आहो, लसूण नको म्हणा."

काकूंचा चेहरा एकदम उजळला. "आहो?"

"आहो," शोभा आनंदाने म्हणाली.

"सी, सी, आहो!" म्हणत, होकाराची मान हलवत काकू आत पळाल्या.

"बघ, कळलं त्यास्नी," मी म्हणालो.

शोभाच्या कपाळाला आठी पडली. "कळलं ते ठीक आहे. पण ती बाई तुम्हाला 'आहो' का म्हणते?"

याचं उत्तर पंधरा मिनिटांत आलं, ताटलीतून. वाफाळता भात, काळा घेवडा, आणि त्यावर सोनेरी तळलेल्या लसणाची पखरण. शोभाने ताटली टेबलावर टेकायच्या आत नाकाला पदर लावला.

"आहो, लसूण आहे हा."

काकूंनी मान डोलावली. आहे ना, लसूण आहे. पाहुणीला कमी वाटतोय. त्या आत गेल्या आणि वाटीभर तळलेला लसूण आणून वरून ओतला.

"आहो!" शोभा ओरडली.

काकूंनी तिच्याकडे आदराने बघितलं. अशी गिऱ्हाइकं रोज येत नसावीत. तव्यावर सालासकट भाजलेले लसणाचे चार गड्डे त्यांनी बशीत घालून आणले आणि तिच्या पुढ्यात मांडले. शेजारच्या टेबलावरचे लोक जेवायचे थांबले होते.

मी दोन्ही हात हलवले, मान हलवली, कानाला हात लावून माफी मागितली. त्याचा काय अर्थ झाला कोण जाणे, काकूंनी एक गड्डा सोलून दाखवला. खिडकीतून दिसणारा सूर्य आता डोंगराच्या खांद्याला लागत आला होता. शोभा हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. "राहू द्या," ती म्हणाली. "एक दिवस उपाशी राहिले तर मरत नाही मी." आणि मला मनापासून लाज वाटली. आदल्या दिवशीचा उपवास, दिवसभराची पायपीट, आणि माझ्या शब्दावर सात समुद्र ओलांडून आलेली बाई माझ्यासमोर उपाशी बसली होती.

मग मी ते केलं जे चौकातच करायला हवं होतं. सायलीला फोन लावला आणि काकूंनाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"पप्पा?" फोनमधून आवाज आला. "हॅलो, पप्पा? ऐकू येतंय का? पप्पा! पप्पा!"

"आगं, ऐक," मी म्हणालो, आणि घडलेलं सगळं सांगितलं. सांगून होतंय तोवर काकूंनी आतून मोठी ताटली आणून ठेवली. तळलेले बटाटे.

पलीकडे सायली हसत सुटली. बोलायला तिला बराच वेळ लागला. "पप्पा, लसणाच्या स्पेलिंगमधला 'जे' इथे 'ह' म्हणून बोलतात. लसूण म्हणजे 'आहो'. आई मघापासून लसूण मागतेय." (तासगावकरांनी पिढ्यान्‌पिढ्या गिळलेले 'ह' कुठे जाऊन पडले होते ते मला त्या दिवशी कळलं.) "आणि बटाट्याला 'पापा' म्हणतात. ते बहुतेक मी मागवले."

मग ती काकूंशी त्यांच्या भाषेत बोलली. काकू ऐकत होत्या, ऐकता ऐकता खुर्चीवर बसल्या, एप्रनने डोळे पुसायला लागल्या. उठून त्यांनी ते सगळ्या टेबलांना सांगितलं. एका आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवून खात्री करून घेतली, "आहो?" मी मान डोलावली. खानावळभर हसू पसरलं.

पण सूर्य थांबला नव्हता. काकूंनी तोही निरोप ऐकला होता. त्यांनी शोभाचा हात धरला आणि तिला सरळ स्वयंपाकघरात नेलं. एक वेगळा तवा काढला. शोभाने तो तीनदा घासला, काकूंनी पाणी घातलं. मग मक्याच्या भिजवलेल्या पिठाचा गोळा समोर आला. काकू यंत्रात दाबून करायला निघाल्या तेव्हा शोभाने मान हलवली, गोळा तळहातावर घेतला आणि थापायला सुरुवात केली. काकू बघत राहिल्या. भाकरी तव्यावर पडली आणि टम्म फुगली. दुसऱ्या चुलीवर भोपळ्याची फुलं, हिरवी मिरची आणि मीठ. शोभाने खुणेने विचारलं, जमिनीच्या वर का खाली? काकूंनी हात उंच केला.

सूर्य डोंगराआड जायला दहा मिनिटं असताना शोभाने पहिला घास घेतला. मी उभाच होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीच्या ठसक्याने आलं असं मी तिला सांगितलं. तिचं जेवण झालं, ती पाणी प्यायली, तिने हात जोडले, आणि बाहेर डोंगर काळा झाला.

राहता राहिली टेबलावरची ताटली. अन्न टाकायचं नसतं, म्हणून मी बसलो. भाजलेला गड्डा अंगठ्याने दाबला, पाकळी अलगद बाहेर काढली, भातात कालवली, वर चिमूटभर मीठ.

शोभा माझ्या अंगठ्याकडे बघत होती. "बराच सराव दिसतो," ती म्हणाली.

उरलेल्या दिवसांत मला त्या गल्लीत 'सेन्योर आहो' अशी हाक यायची. बाजारात शोभाने मला हाक मारली की लसूणवाल्या बायका वळून बघायच्या. शेवटी तिने माझ्या आईसारखं 'आवं' म्हणायला सुरुवात केली आणि गाव शांत झालं.

तासगावला परतल्यावर आठवड्याने देवळातल्या चार बायका भेटायला आल्या. दुपारची वेळ होती. मी सौद्याहून नुकताच आलो होतो आणि आतल्या खोलीत आडवा झालो होतो.

"व्हय शोभाताई," एकीने विचारलं, "तिकडं नियम पाळला गेला का?"

"पाळला की," शोभा म्हणाली, आणि आतल्या खोलीपर्यंत पोचेल एवढा आवाज वाढवला. "सगळा लसूण सुटलाय. बत्तीस वर्षं घरात ठेवलेला एक तेवढा सुटत नाही."

पुएब्लातल्या माझ्या नव्या नावाची गोष्ट देवळात आधीच पोचली होती, त्यामुळे बायका हसल्या. यावर बाहेर जाऊन ठणकावून उत्तर द्यावं असं फार मनात आलं. उत्तर तयारही होतं. पण त्या दिवशी रशीदभाईंनी चटणी जरा जास्तच आणली होती, त्यामुळे चार बायकांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती.