बायसनचा एकुलता एक हंगाम

'बनशंकरी बायसन' या नव्या संघाने उल्काला फिजिओ म्हणून घेतलं, तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण जे. पी. नगरातल्या दवाखान्यात तीच ती कंबर-मानदुखी बघून ती विटली होती. म्हटलं, जरा बदल होईल.

पहिला सामना जिंकले. पोरं नाचली, प्रशिक्षक रणजीत सर रडले. दुसऱ्या सामन्यात चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा खांदा निखळला आणि तिथून जी घसरगुंडी लागली ती लागलीच. दर रविवारी सकाळी हार. कुणाचा घोटा सुजला, कुणाचं बोट मोडलं. निम्मी पोरं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आयटी कंपन्यांत नोकरीला. आठवडाभर स्क्रीनसमोर मान मोडायची आणि रविवारी अंगावर माणसं घ्यायची. नव्या खेळाचं कौतुक ओसरलं, तसं सामन्याला येणारे लोकही पांगले. उल्का आपली पट्ट्या गुंडाळत राहिली. हात चालत, मन कधीच थकून बसलेलं.

शेवटच्या सामन्याला उभे राहू शकतील असे जेमतेम अकरा जण उरले. मानसिंग त्यांचा कप्तान, मूळचा कोल्हापूरचा. मध्यंतराच्या जरा आधी त्याची समोरच्या गड्याशी डोक्याला डोकं लागून टक्कर झाली. पडला, उठला आणि भलत्याच बाजूच्या बाकाकडे चालू लागला.

उल्काने धावत जाऊन त्याला बसवलं. "मानसिंग, मागचा सामना कुणाशी झाला?"

"म्हैसूरवाल्यांशी. जिंकलो की, ताई."

म्हैसूरशी झाला होता तो हंगामातला पहिला सामना.

"हेल्मेट काढ. डोक्याला मार लागलाय. आज तू खेळणार नाहीस."

रणजीत सर आले. मूळचा कन्नड, वर्षानुवर्षं मराठी घराशेजारी राहून मराठी शिकलेला माणूस. "मॅडम, हा गेला तर दहाच राहतात. स्पर्धेचा नियम आहे, सामना सोडावा लागेल. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा ना. अर्धाच तर राहिलाय."

"नाही, सर."

"ताई, मला काही झालेलं नाही," मानसिंग ओरडला. "सगळ्यांनी मरमर केली, ती तुमच्यामुळे वाया जायची?"

उल्काने वाद घातला नाही. तेवढं त्राणच नव्हतं. ती त्याचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिली. पंचांनी शिट्टी वाजवली, समोरचे हात मिळवून गेले. पोरं एकेक करून निघाली. तिच्याशी कुणी बोललं नाही. पुढच्या वर्षी संघ उभाच राहिला नाही.

सामन्यानंतर महिन्याभराने मानसिंग दवाखान्यात आला. पाठीमागे त्याची बायको आसावरी.

"डोकं अजून दुखतं," तीच म्हणाली. "भाजी आणायला जातात आणि काय आणायचं तेच विसरतात. डॉक्टर म्हणाले, मानेचे व्यायाम तुमच्याकडून शिकून घ्या."

मानसिंग खाली बघत म्हणाला, "त्या दिवशीचं मला अजून पटलेलं नाही, ताई."

"नसू दे. पालथा झोप."

तो मुकाट्याने झोपला. उल्काने त्याच्या मानेवर अंगठे ठेवले. स्नायू दगडासारखे झाले होते. आसावरी स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी घेऊ लागली. निघताना मानसिंगने पुढच्या आठवड्याची वेळ मागून घेतली.