नळी स्वच्छ होती

सरांनी माझी परीक्षानळी स्टँडमधून उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी विटकरी लाल गाळ बसला होता. बॅचमध्ये आम्ही वीस जण. बाकी एकोणीस जणांच्या नळ्या रिकाम्या.

"सत्तावीस नंबर, हे काय आहे?"

"उसाचा रस, सर."

"उसाच्या रसाला लाल रंग येतो?"

"आलाय, सर."

सरांनी नळी परत दिली नाही. सगळ्यांना दिसेल अशी फिरवली. म्हणाले, "नळी धुतलेली नाही. आधीचं ग्लुकोज तळाला तसंच आहे. तुमच्या लोकांना स्वच्छता शिकवता शिकवता आमची नोकरी संपायची."

तुमच्या लोकांना. आवाज न वाढवता म्हणाले. पंखा लावा म्हणावं तसं.

बॅच हसली. सगळी नाही. जे हसले नाहीत त्यांनी वहीत डोकं घातलं.

हा विषय जे शिकलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला जीवरसायनशास्त्राचं हे अगदी साधं प्रॅक्टिकल. रसात निळं द्रावण घालायचं आणि नळी उकळत्या पाण्यात धरायची. ग्लुकोज असेल तर निळ्याचं विटकरी लाल होतं. आपण चहात घालतो ती साखर असेल तर निळं ते निळंच राहतं. उसात तीच साखर असते. म्हणून पुस्तकात छापलंय, उसाचा रस, निळा.

त्या दिवशी सगळ्यांचा लाल आला होता. वीसच्या वीस. रस एकाच पातेल्यातला, दुसरं काय येणार? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पुस्तकात पाहिलं, नळी बेसिनमध्ये ओतली आणि वहीत 'निळा' लिहिलं. मी ओतली नाही. गुन्हा एवढाच.

आणि नळ्या म्हणाल, तर त्या वीसच्या वीस मीच धुतल्या होत्या.

माझे आप्पा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत हंगामी कामगार आहेत. रसाचे नमुने आणायचे, काचेची भांडी धुवायची. अठरा हंगाम झाले. काच कशी धुवायची हे मी कॉलेजात नाही, निमगाव केतकीला आमच्या मोरीवर शिकले. धुतल्यावर नळी पालथी धरायची. पाणी पडद्यासारखं सलग उतरलं तर स्वच्छ. थेंब अडकून राहिले तर पुन्हा धू. पहिल्याच प्रॅक्टिकलला याच सरांनी माझी नळी वर धरून सगळ्यांना सांगितलं होतं, "बघा, अशी धुवायची." तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पुढच्या गुरुवारी ऋतुराज म्हणाला, "ए, आमच्यापण धुवून टाक की. तुला भारी जमतंय. प्लीज." ऋतुराज कोऱ्हाळ्याचा. घरचा ऊस पंचवीस एकर, वडील गावातले मोठे. मी धुतल्या. अभिमानानं धुतल्या. मग त्याचा पायंडा पडला. मग नोटीस बोर्डवर फी सवलतीची यादी लागली. नाव, आडनाव, प्रवर्ग. त्या आठवड्यापासून 'प्लीज' गेलं. नळ्या नुसत्या माझ्या टेबलावर येऊन पडायला लागल्या. पोरं कॅन्टीनला, मी बेसिनपाशी. घरी जायची चारची इंदापूर गाडी मला कधी मिळालीच नाही.

हे सगळं सरांना दर गुरुवारी दिसत होतं. तरी म्हणाले, नळी घाण आहे.

"सर, मग सगळ्यांच्याच नळ्या..."

"उलट बोलू नको. वहीत निळा लिही, मग सही. आणि आज सगळ्या नळ्या तीन-तीनदा धुवून जायच्या."

सही म्हणजे काय, तर प्रत्येक प्रॅक्टिकलखाली सरांची सही लागते. एक जरी राहिली तरी वही पूर्ण धरत नाहीत. वही पूर्ण नाही तर परीक्षेला बसता येत नाही. वर्ष जातं.

तेवढ्यात मागून ऋतुराज बोलला. "अगं लिही की. निळा तर तुमचाच रंग हाय. लिहायला काय जातंय?"

या वेळी सगळे हसले. सरही हसले.

आमच्या घरावर निळा झेंडा आहे. आप्पांच्या पेटीत पातळ कागदाच्या पुस्तिका आहेत, दर वर्षी जयंतीच्या स्टॉलवरून आणलेल्या, कडा कुरतडलेल्या. मी वाचायला शिकले त्या पुस्तिकांवर. गुलामाला गुलामीची जाणीव करून द्या, ही शाळेच्या प्रार्थनेआधीची माझी ओळ. आणि ती मी तिथं उभी होते. हातात ब्रश.

मी धुतल्या. हे मला लपवायचं नाही. वीस नळ्या, तीन-तीनदा. प्रत्येक नळी पालथी धरून पाहिली. पाणी सलग उतरत होतं. तरी धूत राहिले. बोलायला तोंड होतं, शब्द होते, आणि मी नळ्या धुतल्या.

कुलूप लावायला आलेले लॅबचे मामा हळूच म्हणाले, "पोरी, त्यो ऊस मागल्या आठवड्यातला हाय. ऋतुराजनं आणून टाकला आन् त्या गुरुवारी प्रॅक्टिकलच झालं न्हाय. तवाधरनं कोपऱ्यातच पडलाय."

"मग मामा, हे सरांना सांगा की."

"मला नगं मधी घेऊ, बाय." त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. दोनदा.

निमगावच्या स्टँडवर आप्पा सायकल घेऊन उभे होते. चालता चालता सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्यांनी विचारलं, "ऊस तुटून किती दिवस झालं हुतं?"

"आठ तर नक्कीच."

"मग लालच येनार. तुटला की उसातली साखर फुटाया लागती. तिचंच ग्लुकोज हुतं. शिळा ऊस आमी नुसत्या वासावर वळखतो. तुज्या सराला ठावं न्हाय व्हय?"

मी रस्त्यातच थांबले. म्हणजे माझं बरोबर होतं. नळी बरोबर, डोळे बरोबर. चूक होती ती पुस्तक वाचून डोळे मिटणाऱ्यांची.

"आप्पा, मी गुरुवारी हे करून दाखवते सगळ्यांना."

आप्पांनी सायकल पुढं ढकलली. मग म्हणाले, "ताई, निळा लिही. सही घे. परीक्षा दे."

"तुम्ही सांगताय हे?"

"मीच सांगतो. अठरा हंगाम काढलं. सायेब म्हणला निळा, तर लाल बघून बी मी निळा म्हणलोय. लय वेळा. म्हणून तू हितवर शिकलीस."

सायकलची चेन कुरकुरत होती. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. राग त्यांचा नव्हता. त्यांनी गिळलेलं सगळं माझ्या फीमध्ये होतं, माझ्या पुस्तकांत होतं. म्हणूनच ते आता माझ्याही घशाखाली घालायचं, हे मला मान्य नव्हतं.

गुरुवारी सकाळी कॉलेजच्या वाटेत मी पिंपळीला उतरले. रस्त्याकडेच्या फडात तोड चालू होती. एका बाईकडे एक ऊस मागितला.

"खायाला व्हय गं?"

"नाही मावशी, परीक्षेला."

"आता उसाची बी परीक्षा घेत्यात का?" बाई हसली. सपकन एक ऊस तोडला, शेंड्याचं वाढं उडवलं, हातात दिला. "घे. पास कर त्याला."

प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी मी दोन नळ्या धुतल्या. फक्त दोन. सरांसमोर पालथ्या धरल्या. "सर, पाणी बघा." पाणी सलग उतरलं. एका नळीत पिंपळीच्या ताज्या उसाचा रस घातला. दुसरीत ऋतुराजच्या उसाचा, त्याची दोन कांडी अजून कोपऱ्यात पडली होती. दोन्हींत सारखंच निळं द्रावण. दोन्ही एकाच उकळत्या पाण्यात. बॅच भोवती गोळा झाली. मी चिमटा घट्ट धरला.

ताजा निळा राहिला, जरासा हिरवट. शिळा विटकरी लाल झाला. डोळ्यांसमोर.

कुणी हसलं नाही. ऋतुराज फोन बघायला लागला. मामा दारात उभे होते, ते आत आले नाहीत.

सरांनी दोन्ही नळ्या पाहिल्या. मग ताजी उचलली. "आला ना निळा? मी वेगळं काय सांगत होतो? आण वही, निळा लिही, सही करून टाकतो. विषय संपला."

पेन उघडून हात पुढे केला. मी तिथं चुकू शकले असते. सही दोन बोटांवर होती. आप्पा सुटले असते, मी सुटले असते. आणि नळी कायमची घाण राहिली असती.

"सर, त्या दिवशी लाल आला होता. मी लालच लिहिलंय."

"हट्ट कशाला करतेस? वर्ष जाईल."

"त्या दिवशी नळी घाण आहे म्हणालात. माझे लोक घाण आहेत म्हणालात. याच एकोणीस जणांसमोर. आता 'नळी स्वच्छ होती' एवढं त्यांच्यासमोरच म्हणा. मग सही द्या."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "नंबर अठ्ठावीस," ते म्हणाले, "वही आण."

चारला पोरं उठली. अठरा-एकोणीस नळ्या माझ्या टेबलावर येऊन पडल्या, सवयीनं. मी माझ्या दोन धुतल्या, स्टँडमध्ये ठेवल्या, बॅग घेतली. मागून कुणीतरी म्हणालं, "ए, ह्या कोण धुणार?" मी मागं वळले नाही. त्या दिवशी चारची गाडी मिळाली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या नावानं अर्ज दिला. काय बोलले, कोण हसलं, जसंच्या तसं लिहिलं. दोन्ही नळ्यांचा, धुण्याआधी काढून ठेवलेला फोटो जोडला. पोच घेतली. क्लार्क म्हणाला, "अगं, सहीसाठी एवढं?" सहीसाठी नाही, असं मी त्याला सांगितलं.

आप्पांना पोच दाखवली. त्यांनी वाचली आणि विचारलं, "वर्ष गेलं तर?"

"तर जाईल."

परीक्षेला नऊ दिवस आहेत. माझ्या वहीतलं ते पान असं आहे. नमुना, उसाचा रस. निरीक्षण, विटकरी लाल. कारण, ऊस शिळा. त्याखाली मी एक ओळ वाढवलीय, जी कुठल्याच वहीत नसते. नळी स्वच्छ होती, मी स्वतः धुतली होती. त्याखाली सहीची जागा रिकामी आहे.

ती रिकामी राहिली तरी मी हे पान बदलणार नाही. कॉलेजनं वर्ष अडवलं तर पुढच्या वर्षी याच बाकावर येऊन बसेन, आणि जे दिसेल तेच लिहीन. दुसऱ्यांच्या नळ्यांना मात्र आता माझा हात लागणार नाही.