बातमीखालचा हूं

आबा आधी "हूं" म्हणायचे. मग फोन हाताच्या लांबीवर धरून, पलीकडच्या बांधावरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायला लागायचे. फोनला बोललं की तो लिहितो, हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं. हळू बोललं तरी लिहितो हे मात्र शिकवलं नव्हतं, आणि मी सांगून दमलो. माझ्या दुकानात सरकीच्या पोत्यावर बसून हा कार्यक्रम चालायचा आणि आलेलं गिऱ्हाईक पेंडीचा भाव विचारायचं सोडून त्यांच्याकडे बघत उभं राहायचं.

ईट गावात माझं जनावरांच्या पेंडीचं दुकान आहे. ते माझे नात्याचे कुणी नव्हते. सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचो. जन्मभर मेंढरं राखली. परंड्याच्या पुढे थेट कुर्डुवाडीपर्यंत, लोकांच्या रानात मेंढरं बसवत हिंडले. गुडघे गेले तेव्हा कळप विकून टाकला. बायको आधीच वारलेली. एकुलता मुलगा बेंगळुरूला कंपनीत. त्यानं एक मोठा फोन घेऊन दिला. आता अशा माणसानं फोनवर भजनं ऐकावीत, कुस्त्या बघाव्यात. ह्यांना नाद लागला तो तंत्रज्ञानाच्या बातम्यांचा. का, तर पोरगा 'त्यातलंच कायतरी' करतो म्हणून. काय करतो ते त्यानं एकदा नीट समजावून सांगितलं होतं, ह्यांना कळलं नव्हतं, आणि पुन्हा विचारायची लाज वाटत होती. मग बातम्या वाचून आपणच उलगडा करावा, असा त्यांनी मार्ग काढला. उलगडा राहिला बाजूला, रोज नवा गुंता घेऊन माझ्या दुकानात यायचे.

तुम्हीही फोनवर अशा बातम्या वाचत असाल. खाली लोक बरंवाईट लिहितात, त्यात 'हूं' असं सुरू होणारी आणि 'ईट, तालुका भूम' असं संपणारी एखादी प्रतिक्रिया दिसली असेल, तर ते आमचे आबा.

घडी घालता येणारा फोन निघाला, तेव्हा त्यांनी लिहिलं, "हूं. घडीच घालायची व्हती तर एवढा मोठा केला कशाला?" बिनड्रायव्हरच्या गाडीची बातमी आली, तेव्हा, "हूं. मधीच लघवीला लागली तर थांब कुणाला म्हणायचं?" रात्री झोप कशी लागली ते सकाळी सांगणारं घड्याळ आलं. त्यावर त्यांनी अख्खी दुपार घालवली आणि शेवटी लिहिलं, "हूं. झोप लागली का न्हाय ते ज्याचं त्याला कळंना, मग झोपला व्हता कोण?" हे वाचून मीही जरा विचारात पडलो, खोटं कशाला सांगू. कपड्यांच्या घड्या घालणारं यंत्र मात्र त्यांनी पार मोडीत काढलं. घड्या कुणीबी घालतंय, म्हणाले, धुणं धुऊन वाळत घालत असंल तर सांगा.

एक दिवस मी वैतागलो. माल उतरवायचा होता आणि हे पोत्यावरून हलेनात. म्हटलं, आबा, जगात एवढ्या बातम्या येतात, प्रत्येकीला उत्तर द्यायचा मक्ता तुम्हाला कुणी दिलाय? त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले की अडाणी मीच.

"शेठ, सांगणारा सांगतोय. हूं म्हणलं पायजे की."

मग त्यांनी मला ती रीत सांगितली. रानात मेंढरं बसवली की राखण करणारे एकमेकांना गोष्टी सांगतात. एक जण सांगतो आणि ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला हूं द्यायचा असतो. हूं आला नाही की सांगणारा गप्प होतो. ऐकणारा झोपला असं त्यानं धरायचं. त्यांचा पोरगा शाळेच्या सुट्टीत मेंढरांमागं यायचा, त्याला गोष्टी फार आवडायच्या, पण गडी उतावळा. वाक्य पुरं व्हायच्या आतच हूं देऊन मोकळा व्हायचा. पुढचं ऐकायची घाई. हे सांगताना आबा असे हसत होते की माल उतरवणारेही थांबले. तर ही रीत आबांनी जशीच्या तशी फोनला लावली. कुणीतरी लांबचा माणूस एवढा जीव तोडून सांगतोय आणि आपण मुकाट पुढं जायचं, हे त्यांच्या हिशेबात उद्धटपणाचं होतं.

लोक टिंगल करायचेच. एकानं लिहिलं, आजोबा, तुम्ही मेंढरं राखा. आबांनी त्यालाही उत्तर दिलं, "हूं. राखत व्हतो. इकली." त्यावर त्या पोरानं दोन जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. आबा ते दुकानभर दाखवत फिरले आणि मला विचारायला लागले की हे हात त्याचेच असतील की सगळ्यांना एकच देतात. मी म्हटलं, एकच देतात. तर पडेल चेहऱ्यानं जाऊन पोत्यावर बसले.

मशीन आता माणसासारखं लिहितं, गाणी रचतं, असं छापून आलं तेव्हा सगळे घाबरलेले होते. आबांना उलट त्याची कीव आली. "लिहू दे की बिचाऱ्याला," म्हणाले, "त्याला तरी कोण हाय?" पण त्याच दिवशी जाताना उंबऱ्यात थांबले आणि विचारलं, की ह्या बातम्यांखाली बोलणारी माणसं आहेत, का तीही मशीनंच? मी काय सांगणार कपाळ? मला पेंडीतली भेसळ ओळखता येते. ही भेसळ मला कशी कळावी?

मग ती बातमी आली. तुमच्या मुलाच्या हुबेहूब आवाजात मशीन फोन करू शकतं, फसू नका. तोंडही हुबेहूब करतं. आबांनी ती अक्षर अक्षर लावून वाचली, मग मला वाचायला लावली, मग पुन्हा स्वतः वाचली. पहिल्यांदाच हूं न म्हणता त्यांनी खाली लिहिलं, "मग खरा पोरगा वळखायचा कसा? ईट, तालुका भूम." कुणीतरी सल्ला दिला, फक्त तुमच्या घरच्यालाच माहीत असेल असं काहीतरी विचारा.

सल्ला देणाऱ्याचं काय जातंय! इथं आबांची झोप उडाली. काय विचारावं ह्याच्यावर त्यांनी अख्खा आठवडा काढला. मुलगा दर रविवारी फोन करायचा. तो रविवार त्यांनी मुद्दाम माझ्या दुकानात गाठला, साक्षीदार पाहिजे म्हणून. फोन आला, आवाज मोठा केला. मुलगा नेहमीसारखं विचारायला लागला, गुडघा कसा आहे, गोळ्या घेता का. आबांनी त्याला मध्येच तोडलं.

"त्ये ऱ्हाऊ दे. बाटलीनं दूध पाजून तू वाढवलंस, त्या कोकराचं नाव काय?"

मुलगा हसला. म्हणाला, "कुठलं कोकरू, आबा?"

आबांनी फोन बंद केला. मला म्हणाले, त्यो ह्यो न्हाय. पोरगं त्या कोकराला पोटाशी घेऊन झोपायचं, ते नाव विसरणं शक्यच न्हाय. मी म्हटलं, आबा, पोरगा आता बाप व्हायच्या वयाचा झाला, विसरला असेल. मी नाव विचारलं, तर माझ्या टेबलावरच्या फोनकडे बघून म्हणाले, त्यो भाईर ठिवा. मी मुकाट्यानं बाहेर ठेवून आलो. मग त्यांची नजर माझ्या वजनकाट्यावरच्या लाल आकड्यांवर गेली. "ह्योबी ऐकत असंल," म्हणाले आणि ओठ मिटले ते मिटलेच.

त्यानंतर ते मुलाचा फोनच उचलेनात. वाजून वाजून थांबायचा. आबा समोर बसून त्याच्याकडे बघत राहायचे, परक्याचं पोर दारात रडत असावं तसे. बातम्या वाचणंही सुटलं. मला सगळ्यात राग ह्याचा आला की बापलेकात भांडण नाही, तंटा नाही, आणि तरी एक म्हातारा जिवंत मुलाला पारखा होऊन माझ्या डोळ्यांदेखत वाळत चाललाय. एरवी त्यांना उठवायला टपलेला मी, आता त्यांना घरी जाऊ देत नव्हतो.

मुलानं शेवटी माझा नंबर मिळवून मला फोन केला. काका, आबांना काय झालं, फोन का उचलत नाहीत? आणि काय सांगू तुम्हाला, माझ्याही तोंडून पहिलं हेच निघालं की तू कोण बोलतोस ते आधी सांग. ह्या रोगाची लागण मलाही झालेली. मग लाज वाटली. त्याला सगळं सांगितलं. कोकराचं त्याला खरंच काही आठवत नव्हतं. सुट्टी मिळाली की येतो म्हणाला. मी चिडून म्हटलं, सुट्टीचं मरू दे, आत्ता बोल. आणि फोन तसाच आबांच्या पुढ्यात ठेवला.

"आबा," तिकडून आवाज आला. "मी आहे."

आबा फोनकडे वाकले. आवाज मोठा नव्हता, पहिल्यांदाच हळू बोलत होते.

"हे बघ बाबा. तू कोण हायस मला ठाव न्हाय. पर माझ्या पोराचा आवाज घेतलायस, तर त्यो कसा व्हता त्ये तरी ऐकून ठिव."

आणि सांगायला लागले. एक मेंढी व्याली आणि मेली, तिचं कोकरू ह्या पोरानं...

"हूं," तिकडून आला.

आबा थबकले. माझ्याकडे बघितलं. मग पुढं सांगायला लागले. पोरगं त्याला बाटलीनं दूध पाजायचं, नाव ठेवलं, नाव मी घेत न्हाय. एक दिवस व्यापारी आला, तर पोरानं कोकरू घोंगड्यात घेतलं अन्...

"हूं."

पुन्हा वाक्य पुरं व्हायच्या आधीच. आबांनी फोन दोन्ही हातांत उचलला. म्हणाले, व्यापारी घोंगड्यापाशी आला, वाकला, अन् म्हणला, पोरा, ह्याच्याखाली...

"हूं," तिकडून आला, घाईघाईनं, पुढचं ऐकायला आसुसल्यासारखा.

आबांनी गोष्ट तिथंच सोडली. फोन गालाला लावला आणि विचारलं, "जेवलास का?"

मी उठलो आणि उगाच पोती मोजत मागच्या बाजूला गेलो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, त्यात लपवायचं काय?

दुसऱ्या दिवशी आबांनी ती जुनी बातमी शोधून काढली आणि जोरात ओरडून खाली लिहिलं, "हूं. खरा पोरगा वळखू येतो. आपण सांगत ऱ्हायचं, त्यो कवा हूं म्हणतो त्ये बघायचं. ईट, तालुका भूम." लोकांनी खाली बदामाची चित्रं टाकली. आबांनी विचारलं, ही कुणाकुणाची?

दोन दिवाळ्या पाहिल्या त्यानंतर त्यांनी. मुलगा दोन्ही वेळा येऊन गेला. थंडीत एका पहाटे गेले, झोपेत. झोप कशी लागली ते सांगणाऱ्या त्या घड्याळाचं मला आठवलं.

दहावा झाल्यावर मुलगा दुकानात आला आणि नेमका त्याच पोत्यावर बसला. आबा इथं बसून काय करायचे, म्हणाला. मी सांगायला लागलो. लघवीचं सांगितलं, घड्याळाचं सांगितलं, माझा काटासुद्धा ऐकतो म्हणायचे ते सांगितलं. माझं एकही वाक्य त्यानं पुरं होऊ दिलं नाही, आधीच हूं. मला हसू यायला लागलं.

मग त्यानं मान खाली घालून विचारलं, "काका, त्या कोकराचं नाव काय होतं?"

म्हटलं, मला नाही सांगितलं, बाबा. मशीनला कळेल म्हणून कुणालाच सांगितलं नाही.

ह्या वेळी हूं आला नाही, मी थांबलो. तो पोत्याच्या सुतळीशी चाळा करत होता. बाहेर भूमची एसटी येऊन उभी राहिली, माणसं उतरली, चढली, गाडी निघून गेली.

"हूं," तो म्हणाला.