जेवणाचा जुना डबा दाखवण्याबाबत

नांदगावच्या बाजूला साइडिंगवर उभी असलेली रेल्वेची जुनी डायनिंग कार गेल्या मार्चमध्ये कापण्यात आली. ती आतून पाहू द्यावी, हा माझा अर्ज सात आठवडे रेल्वेच्या कार्यालयात पडून होता.

वडील त्याच डब्यात बेअरर होते. धावत्या गाडीत सूप न सांडता वाढणं हे त्यांचं काम. घरच्या माणसांना आत येऊ देत नसत, त्यामुळे आईने तो डबा आतून कधीच पाहिला नाही. तो मोडीत निघणार हे कळलं, तेव्हा वडील म्हणाले, एकदा तिला तिथल्या टेबलाशी बसवायचंय.

"घरात पाण्याचा तांब्या उचलत नाही तुम्ही," नाशिकला इंदिरानगरच्या घरात आई म्हणाली. "तिथं काय वाढणार मला?"

"अगं, बसून तर बघ."

संध्याकाळी तिने साडी इस्त्रीला दिली.

अर्ज मी लिहिला. मी वार्ताहर; बातमीत इंग्रजी शब्द टाळायची जुनी सवय. विषय लिहिला : 'जेवणाचा जुना डबा आई-वडिलांना दाखवण्याबाबत'. पाच आठवडे उत्तर आलं नाही. चौकशीला गेल्यावर कळलं, अर्ज हरवलेल्या सामानाच्या विभागात आहे.

"स्टीलचा होता का?" तिथल्या लिपिकाने विचारलं. "किती पुडांचा?"

"लोखंडी आहे. साठ-सत्तर फूट लांब."

त्याने पेन खाली ठेवलं. "साहेब, मग डायनिंग कार लिहायचं ना सरळ! डबा म्हटल्यावर आम्ही काय समजणार?"

अर्ज योग्य टेबलावर न्यायची विनंती केली. ते टेबल शेजारच्याच खोलीत होतं. त्याने सांगितलं, असं हातोहात देता येत नाही, आवक-जावकमधून जाईल. त्याला आणखी दोन आठवडे लागले. परवानगी मंगळवारी मिळाली, बुधवारी सकाळी आम्ही तिघं निघालो.

साइडिंगच्या फाटकाशी चौकीदार होता. त्याने कागद पूर्ण वाचला.

"लय उशीर केला दादा. शनिवारीच कापला. पत्रा ट्रकात गेला. आता काय नाय तिथं."

रुळांवर डब्याखालच्या चाकांचे दोन सांगाडे उभे होते. वडील त्यांच्यामधल्या खडीवरून चालत गेले.

"भटारखाना इथं," ते म्हणाले. "टेबलं इथून पुढं."

"मी कुठं बसले असते?" आईने विचारलं.

त्यांनी आणखी चार पावलं टाकली आणि हाताने जागा दाखवली. आई तिथे जाऊन उभी राहिली. अकरा चाळीसला आम्ही नाशिककडे परत निघालो.