आत्याबाई, माझ्या पहिल्या पेशंट

आत्याबाईंची तेरवी काल झाली आणि आता मला फक्त झोपायचं आहे.

पण अंगणात मंडपवाला बांबू काढतोय, त्यामुळे ते काही जमणार नाही. म्हणून लिहायला बसले. फोन करू नका कुणी, बोलायची ताकद नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पांढरकवड्यापासून आत, एसटी फाट्यावरच सोडते अशा गावात त्यांचं आयुष्य गेलं. कापसाच्या वेचणीला सगळ्यांच्या पुढे, जेवायला सगळ्यांच्या मागे.

लग्नानंतर मी फिजिशियन असिस्टंटचा कोर्स करते म्हटलं, तेव्हा घरात कुणालाच काही कळलं नाही. खरं सांगते, मलाही अर्धंच कळलं होतं.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "म्हंजे कंपाउंडरच ना?"

"नाही मामाजी. डॉक्टरच्या हाताखाली पेशंट तपासाचा, त्याची सगळी माहिती घ्याची, ऑपरेशनमधी मदत कराची."

"हो ना. कंपाउंडर."

बोंडअळीचं वर्ष होतं. शेताकडे बघवत नव्हतं. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

त्यात मी बारावीची बायोलॉजी पुन्हा उघडून बसलेली. दिवसभर शेत, मग भाकरी, मग हृदयाचे कप्पे. पुस्तकावर डोकं टेकलं की संपलं.

इंटरव्ह्यू हैदराबादच्या एका कॉलेजात होता. तिथं म्हणे एक खोटा पेशंट समोर बसवतात आणि प्रश्न विचारून त्याला काय होतंय ते काढून घ्यायला लावतात. सरावाला पेशंट हवा होता. माझा नवरा प्रशांत पहिल्याच प्रश्नाला हसत सुटायचा.

मग आत्याबाईंना ओसरीवर बसवलं.

"काय होते तुमाले?"

खाटेवरून मामाजी म्हणाले, "तिले पित्त हाय."

"मामाजी, मी त्यायले इचारलं."

"अव, डॉक्टरले मीच तं सांगतो दर वेळी!"

ते खोटं नव्हतं. आमच्याकडे बाईला दवाखान्यात नेलं की तिचं दुखणं नेणारा माणूस सांगतो आणि बाई भिंतीकडे बघत बसते. आत्याबाईंनी उभ्या जन्मात डॉक्टरला स्वतःच्या तोंडानं काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आमचा दवाखाना स्वैपाकघरात हलवला. मामाजींना प्रवेश बंद.

आधी त्या गोंधळायच्या. "काय दुखाचं आज? तूच सांग." मग गोडी लागली. "आज मले मलेरिया हाय, इचार." त्या वर्षी आमच्या घरात हसू होतं ते तेवढंच.

एकदा कणीक मळता मळता त्या पेशंट झाल्या होत्या. मी आपली क्रमानं विचारत चालले होते. पाळी कधी बंद झाली? त्यानंतर काही त्रास?

"हो. अंगावरून जाते. लाल."

"कधीपासून?"

"मागच्या खेपेले तूर फुलावर होती ना, तवापासून."

तुरीचा मागचा फुलोरा, म्हणजे कित्येक महिने झाले होते.

"आत्याबाई, हे खरं का खोटं?"

त्या मळतच राहिल्या. "खरं हाय."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कोनं इचारलंच नाही तं."

आधी यवतमाळ, मग नागपूर. पिशवीचा कॅन्सर. ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी माझ्या इंटरव्ह्यूच्या दिवसाची.

"तू हैदराबादले जाय. मले काय होते? प्रशांत हाय ना इथं," त्या म्हणाल्या.

पण प्रशांत शेजारी उभा असताना डॉक्टरांनी काही विचारलं की आत्याबाईंची नजर पुन्हा भिंतीवर. मी गेले नाही.

मला त्यागी सून वगैरे म्हणू नका. वॉर्डाच्या बाथरूममध्ये जाऊन मी भरपूर रडले, आणि त्यातलं निम्मं रडणं त्या सीटसाठी होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा पुस्तकं, पुन्हा स्वैपाकघर. आत्याबाई बऱ्या झाल्या होत्या आणि आता बेरकी पेशंट झाल्या होत्या. मुद्दाम लपवायच्या, उलटंसुलटं सांगायच्या.

"कालेजवाले का तुले सोपं देऊन राह्यले?"

इंटरव्ह्यूत माझं इंग्रजी पार अडखळलं. पेशंटला मात्र मी सोडलं नाही. सीट मिळाली. आत्याबाईंनी गावभर पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, सून डॉक्टर व्हायला चालली. मामाजी मागून दुरुस्ती करत होते, "कंपाउंडर."

कोर्स झाला, हैदराबादलाच नोकरी लागली. आणि या उन्हाळ्यात आत्याबाईंचा फोन आला. मामाजींकडून नंबर लावून घेतला आणि मग त्यांनाच बाहेर पाठवलं.

कधीपासून, किती, कुठं दुखतं, रात्री वाढतं का. सगळं ओळीनं सांगितलं. मला विचारायला काही ठेवलंच नाही.

"पाह्य, या खेपेले लपवलं नाही. लगेच सांगून राह्यली."

कॅन्सर परत आला होता, आणि लगेच सांगूनही उपयोग झाला नाही. एवढं शिकून हे मला अजून पटत नाही. राग येतो, आणि कुणावर काढायचा तेही कळत नाही.

काल पंगती उठल्या. मी मागच्या दारी भांड्यांजवळ बसले होते, कंबर मोडलेली. शेजारच्या कमलाकाकू आल्या आणि त्यांनी हळूच दार लोटून घेतलं.

"माधुरी, कोनाले सांगजो नको. मलेबी एक सांगाचं होतं."

त्यांच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या, पदराची टोकं चाळवत.

मी हात पुसले. "बसा काकू."

आत्याबाई, सोमवारी तिघींना घेऊन यवतमाळला जातेय. मामाजी म्हणाले, "मीबी येतो सोबत. बाहीरच बसतो."

तुम्हाला साश्रू निरोप.