खुडबुडीच्या खुर्च्या

काका जुन्या खुर्च्या करायचे. म्हणजे नव्याच, पण जुन्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या सहा खुर्च्यांच्या संचातली एखादी हमखास मोडलेली किंवा हरवलेली असते. ती सहावी करून द्यायची, हा त्यांचा धंदा. गोल पाठ, वळणदार पाय, माथ्यावर कोरलेली द्राक्षं; त्याहून आधीच्या काळातली असेल तर सरळ पाठ आणि खाली निमुळते होत गेलेले पाय. कोरीवकाम काय, कुणीही करतं, असं ते म्हणायचे आणि बाकीच्या सुतारांना ते भारी झोंबायचं. खरी मेख होती ती झिजवण्यात. नव्या लाकडावर कुणी बसलेलं नसतं.

मी त्यांची पुतणी. खुर्च्यांना वेत विणते, त्यामुळे प्रत्येक खुर्ची माझ्यापुढे उलटी पडते आणि तिचं पोट मला दिसतं. एकदा बैठकीच्या डाव्या कडेखाली नखानं कुरतडल्यासारखे बारीक ओरखडे दिसले. "उंदीर पाळलेत का?" मी विचारलं. काका पॉलिशचा बोळा फिरवत राहिले. चहा घेऊन आलेल्या काकूनं त्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि तिथेच भुशात ती मटकन बसली.

"ही खुडबुडीची सवय," ती म्हणाली.

खुडबुडी ही त्यांची एकुलती एक मुलगी. डावखुरी, एका जागी न टिकणारी. सातव्या वर्षी तापानं गेली. त्यानंतर काकांनी तिच्याविषयी चकार शब्द काढला नाही. काकूनं विषय काढला की उठून कारखान्यात जायचे. आम्हाला वाटायचं, माणूस मुलखाचा कोरडा.

त्या दिवसापासून काकू आणि मी खुर्च्या तपासायला लागलो. पूर्वी दिलेल्या खुर्च्या वेत बदलायला परत येत, त्याही बघितल्या. सगळीकडे तीच होती. सर्वांत जुन्या खुर्चीच्या पुढच्या पायांवर, पार वरती, टाचा घासल्याच्या खुणा होत्या. जमिनीला पाय न पोचणाऱ्या पोरीच्या. नंतरच्या खुर्च्यांत टाचा खाली सरकत आडव्या दांडीवर आल्या. मग दांडीही कोरी, आणि हातांवर मोठ्या माणसाच्या कोपरांची झीज. ओरखडे कमी कमी होत गेलेले. काका तिला एकेका खुर्चीत वाढवत होते आणि परक्या घरी पाठवून देत होते.

मला मग कारखान्यात एकटीनं बसवेना. पाठमोरी खुर्ची दिसली की आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं वाटायचं. हवा बदलली की सागवान तडकतं हे मलाही ठाऊक आहे. तरी दर आवाजाला मान वळायची.

काकूला भीती नव्हती, संताप होता. "मी तिला एकदा पोचवून बसलेय," ती काकांना म्हणाली. "तुम्ही दर खेपेला तिला उठवून बसवता आणि मला पुन्हा पोचवायला लावता. आता पुरे. पुढच्या खुर्चीत ती दिसली तर कुऱ्हाड घालीन आणि निघून जाईन. मागे वळून बघायची नाही." काका पटाशी पुसत बसले. काकू बोलते तसं करते, म्हणून माझी झोप उडाली.

पुढची खुर्ची होती बुटकी, बिनहातांची. त्या काळी बायका बाळाला पाजायला बसत, तसली. काम संपल्यावर काका अंगणात जाऊन उभे राहिले. काकू आली ती कुऱ्हाड घेऊनच. मी खुर्ची उलटी केली. डाव्या कडेखाली ओरखडा होता, एकच, पुसट. लपवावा म्हणून मी हात ठेवला, पण तिनं तो बाजूला केला.

कुऱ्हाड उचलता उचलता ती थांबली. बैठकीच्या पुढच्या कडेवर चार इवल्या खुणा होत्या, कोवळे दात रोवल्यासारख्या. शेजारचं लाकूड इवल्या मुठींनी धरून धरून गुळगुळीत झालेलं. आईच्या गुडघ्याशी उभं राहायला शिकणारं मूल करतं, तसं.

काकू बराच वेळ त्या खुणांवर बोट ठेवून होती. मग अंगणात गेली आणि काकांच्या शेजारी उभी राहिली.

"मुलगा झाला का हो तिला," तिनं हळूच विचारलं, "की मुलगी?"

"मुलगी," काका म्हणाले आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.